‘गावी घर आहे ना यांचं!’

मध्यंतरी सुरतेतल्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला पुण्याहून पाहुणे आले होते. विषय होता टीव्हीवरच्या मालिका आणि स्थलांतरिताचं मन. पाहुणे भरभरून बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पोटासाठी महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी माणूस मुळासकट उपटला जातो. त्याचं खरं घर गावी असतं. कामाच्या ठिकाणी असतो तो नुसता निवारा. ते हरवलेलं घर तो रोज संध्याकाळी पडद्यावर धुंडाळतो. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती ‘समृद्धी’चा उंबरा ओलांडून बाहेर पडते, तेव्हा सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या भाड्याच्या खोलीतली बाई रडते ती अरुंधतीसाठी नव्हे, स्वतःच्या गावाकडच्या घरासाठी. तिची मुलं ना इकडची, ना तिकडची. संकट आलं की हे सगळे गावाकडेच धावतात, आणि तोच पुरावा. इलाज दोनच: परत जावं, नाहीतर पुरतं विरघळून जावं.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पाहुणा म्हटला की आपल्याकडे तेवढं करावंच लागतं. पण मी राहतो कडोदऱ्यात, आणि दाखल्याला उभी केलेली ती बाई माझी शेजारीण निघण्याची शक्यता बरीच होती. शिवाय हे मत एकट्या पाहुण्यांचं असतं तर चहाबरोबर गिळलं असतं. ते घरमालकाचं आहे, कचेरीतल्या साहेबाचं आहे, गिरणीच्या ठेकेदाराचं आहे, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, भेटणाऱ्या चुलतभावाचंही आहे. पाहुणे ते शब्द घोळवून सांगतात, ठेकेदार एका वाक्यात सांगतो: ‘गावी घर आहे ना यांचं!’ या वाक्याचा मला वीट आलेला आहे.

आधी त्या रडण्याचं बघू. पाहुण्यांनी ज्या भागाचा दाखला दिला तो भाग मी कडोदऱ्यातच पाहिला, शेजारच्या मावशींच्या खोलीत. खोली दहा बाय बारा. भिंतीवर टीव्ही, पलंगावर पाच बायका, दारात मी. मावशी अमळनेरकडच्या, नवरा लूम्सच्या खात्यात, बारा तासांची पाळी. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती घराबाहेर पडायला निघाली तशी पाचही जणींनी पदर डोळ्यांना लावला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, ‘पानी उनं वं!’ खोली क्षणात रिकामी. अरुंधती उंबऱ्यावर आणि बायका नळावर. हंडे भरून मावशी परत आल्या तेव्हा जाहिराती लागल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘गई का ती?’ मी म्हटलं, गेली. ‘बरं झालं,’ म्हणाल्या आणि कुकर लावला.

आता पाहुण्यांना विचारावंसं वाटतं: ज्या बाईचं काळीज हरवलेल्या घरासाठी तुटत होतं, ती पाण्याच्या हाकेसरशी उठते कशी? आणि डोळे पुसून ‘बरं झालं’ कसं म्हणते? मावशींना अरुंधती बेघर झाल्याचं दुःख नव्हतं. पंचवीस वर्षं राबूनही ज्या घरात आपली किंमत नाही, ते घर सोडायला तिला इतके दिवस का लागले, याची चुटपुट होती. मावशी स्वतः गाव सोडून आल्या तेव्हा त्यांनी इतके भाग घेतले नव्हते.

आणि ज्या ‘मराठी घरा’साठी आम्ही झुरतो असं सांगितलं गेलं, त्या घराचं मूळ गाव तरी कोणतं? ही कथा मुळात बंगाली, ‘श्रीमयी’. २०१९च्या जूनमध्ये ती कोलकात्यात सुरू झाली, डिसेंबरात मराठीत आली आणि २०२०मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ झाली. ती अनुपमा कुठली? अहमदाबादची, गुजराती शहांच्या घरची सून. म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात नायिकेनं तीन भाषा आणि तीन शहरं पालथी घातली, प्रत्येक ठिकाणी घरची झाली, आणि तिला कुणीही मुळापासून तुटलेली म्हटलं नाही. मावशी दोन्ही मालिका बघायच्या. एकच बाई मराठीत आणि गुजराती घरात सारखीच छळली जाते, हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं आहे.

आता ‘खरं घर गावी’ या मुद्द्याकडे. कडोदरा म्हणजे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातला एक चौक, ज्याचं गिरण्यांमुळे शहर झालं. इथे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबई-अहमदाबादचा ४८ क्रमांकाचा. दुसरा ५३ क्रमांकाचा, जुना सहा नंबर: हजिऱ्याहून निघतो, सुरत, कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जातो आणि जळगाव, नागपूरवरून थेट ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत पोचतो. या रस्त्यानं खानदेशी माणूस सुरतेत येतो तेव्हा तो परदेशी जात नसतो; आपल्याला सगळ्यांत जवळ असलेल्या मोठ्या शहरात जात असतो. नंदुरबारहून सुरत जितकी दूर, त्याच्या दुपटीहून जास्त दूर मुंबई आहे. पुण्याचं तर बोलूच नये.

ही वाट जुनी आहे. तापी खोऱ्यातली रेल्वे १९००च्या सुमारास धावू लागली: उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं झाली १ मे १९६०ला. म्हणजे आमची गाडी साठ वर्षं धावत होती, मग कुणीतरी मध्ये रेघ ओढली आणि गाडीतल्या माणसाला ‘परप्रांतीय’ म्हटलं. रेघेचं हसं पाहायचं असेल तर नवापूर स्टेशनावर उतरा. फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. सरहद्दीवर एक बाक ठेवलेलं आहे; त्यावर दोघं टेकले की एक महाराष्ट्रात बसतो, दुसरा गुजरातेत. या बाकावर मधोमध बसलेल्या माणसाच्या मुळांचं काय करायचं, हे पाहुण्यांनी ठरवून कळवावं.

आणि ‘गाव’ म्हणजे तरी काय उरलं होतं? जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप. एकेकाळी खानदेशचा कापूस खानदेशातच सूत आणि कापड व्हायचा. भोंगे एकेक करून थांबले. कापूस शेतात राहिला आणि कापडाचं काम सुरतेत, तेही बव्हंशी पॉलिएस्टरचं. गावानं माणसांना सोडलं आधी, माणसांनी गाव सोडलं नंतर. हा क्रम उलटा लावला की व्याख्यान सुरेख होतं. गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा मुळांची काळजी करणारे कुठे होते? आता मुळं सुकली म्हणून हळहळायचं, तर पाणी तोडलं कुणी हेही एकदा विचारावं.

पुढचा आरोप, ‘ना इकडचे, ना तिकडचे’. मावशींचा नातू ‘दप्तर लाव’ म्हणतो. आणायला सांगायचं तर गुजरातीत ‘लाव’च म्हणतात. अशा बोलण्यावर पाहुण्यांनी मान हलवली होती. पण अहिराणी, ही आमची खानदेशी बोली, कधी कान देऊन ऐकली आहे का? तुमचं ‘आहे’ ते आमचं ‘शे’, आणि गुजराती माणसाचं ‘छे’. घरातल्या बोलीपासून गुजरातीपर्यंत जितकं अंतर, तितकंच घरातल्या बोलीपासून मालिकेतल्या सदाशिवपेठी मराठीपर्यंत. मालवणीला ‘रात्रीस खेळ चाले’नं दिवाणखान्यात नेलं, कोल्हापुरी ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे घरोघरी गेली, अहिराणी त्या पंक्तीला बसली नाही. म्हणजे पडद्यावर आमचं घर मुळात नव्हतंच. जे तिथे नाहीच, ते आम्ही तिथे शोधतो, असा हा सिद्धांत. सात माध्यमांच्या शाळा चालवणारी सुरत महानगरपालिका मराठी शाळाही चालवते. मराठी प्रेक्षकाच्या मुळांची चिंता करणाऱ्या वाहिन्यांनी अहिराणीसाठी काय चालवलं?

‘ना इकडचे, ना तिकडचे’ हे दूषण सगळ्यांना लागत नाही, हीच खरी गंमत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा पोर १८७५मध्ये बडोद्याला गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यानं राज्यकारभारात गुजराती आणली, १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आमचा पलसाणा त्याच्याच नवसारी प्रांतातला महाल. त्या पोराला कुणी विचारलं का, बाबा, तुझं खरं घर कवळाण्याला की बडोद्याला? राजा गेला तर दत्तक जातो, कामगार गेला तर स्थलांतरित होतो. लंडनमध्ये १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचा आपल्याला अभिमान. न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला मराठीत चार वाक्यं आली की वर्तमानपत्रात फोटो. कडोदऱ्यातला मुलगा मराठी, अहिराणी, गुजराती आणि हिंदी एका दमात बोलतो, तर तो ‘धड कुठलाच नाही’. म्हणजे अडचण घराची नसून भाड्याची आहे. डॉलरमध्ये भाडं भरणारा ‘जागतिक मराठी’, रुपयांत भरणारा ‘उपटलेला’.

मग संकटाचा पुरावा. ‘संकटात गावच आठवतं.’ सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसं शहर सोडून पळाली, हे खरं. पण पळणाऱ्यांत दवाखान्याला कुलूप ठोकून गेलेले खासगी डॉक्टरही होते. त्यांची मुळं कुणी तपासली? त्यांना कुणी सांगितलं की तुमचं खरं घर सुरत नव्हे? मार्च २०२०मध्ये देशाला सांगण्यात आलं, घरी राहा. खोलीचं भाडं थकलेलं, लूम्सचं खातं बंद, पगार नाही. आणि त्याच तोंडांनी विचारलं, गावी घर आहे ना यांचं, मग इथे कशाला थांबलेत? माणसं पायी निघाली, याच ५३ नंबरच्या रस्त्यानं. ती घराच्या ओढीनं निघाली म्हणणं म्हणजे आग लागल्यावर खिडकीतून उडी मारणाऱ्याला मोकळ्या हवेची आवड होती म्हणण्यासारखं आहे. आणि काही महिन्यांनी ती परत आली, त्या येण्यावर कुणी व्याख्यान दिलं नाही. जाणं तेवढं घरी जाणं. येणं म्हणजे काय मग?

आखाजीच्या आणि दिवाळीच्या गाडीला गर्दी असते. पाय ठेवायला जागा नसते. लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हवीच ती ओढ. एवढं मी पाहुण्यांना देऊन टाकतो. पण त्या प्रत्येकीच्या पिशवीत दोन तिकिटं असतात, आणि ‘परतीचं’ असं ती ज्याला म्हणते ते उधन्याचं असतं. भाषा खोटं बोलत नाही.

इथवर प्रश्न नुसत्या भावनेचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण या भावनेचं बिल दुसराच कुणी भरतो. ‘गावी घर आहे ना यांचं’ म्हटलं की खोलीला मोरी नसली तरी चालते. म्हटलं की भाडेकरार करून द्यावा लागत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून रेशन कार्ड नाही. म्हटलं की बारा तासांच्या पाळीत हात गेलेल्या माणसाला उपचाराऐवजी गाडीचं तिकीट देता येतं. दक्षिण गुजरातेतल्या कष्टकऱ्यांचा १९६०च्या दशकापासून अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी पुन:पुन्हा हेच दाखवलं: मजूर येत-जात राहिला की तो स्वस्त पडतो. बारडोली-चलथाणच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून आणि डांगातून येणाऱ्या ‘कोयत्यां’ना विचारा, मोसमभर पालाखाली का राहावं लागतं. उत्तर तयार आहे: गावी घर आहे ना. पाहुणे ज्याला मुळांची ओढ म्हणतात, तिचा हिशेब कुठल्यातरी चोपडीत बचत म्हणून मांडलेला असतो.

कायद्याला मात्र हा गोंधळ नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०, कलम २०: एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. शांतपणे पुन्हा वाचा. गावी घर आहे, एवढ्यानं माणूस गावचा होत नाही, असं या देशाचा कायदा पंचाहत्तर वर्षं सांगतो आहे. राज्यघटनेचं १९ वं कलम भारतात कुठेही राहण्याचा आणि वसण्याचा हक्क देतं. राहण्याचा वेगळा, वसण्याचा वेगळा, दोन्ही शब्द घालून. रेशन कार्ड राज्याच्या सीमेपलीकडे चालावं म्हणून ९ ऑगस्ट २०१९ला ज्या पहिल्या दोन जोड्या निवडल्या, त्यांतली एक होती महाराष्ट्र-गुजरात. धान्याच्या दुकानातल्या यंत्राला जे कळलं ते व्यासपीठाला कळायला एवढा वेळ का?

राहिले दोन इलाज: परत जा किंवा विरघळा. हे दोनच पर्याय देणाऱ्याला एक साधी गोष्ट विचारतो. आपल्या आईचं घर कोणतं? माहेर की सासर? २०११च्या जनगणनेत ४५ कोटी माणसं जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडून राहत होती, आणि गाव सोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण कारखाना नव्हता, लग्न होतं. आसोद्याची बहिणाबाई जळगावच्या चौधऱ्यांकडे नांदायला आली आणि दोन्ही गावं तिच्या ओव्यांत राहिली. तिला कुणी सांगितलं नाही की बाई, एकतर परत जा, नाहीतर विरघळून जा. निम्मा देश पिढ्यान् पिढ्या दोन घरं सांभाळतो आहे. फक्त सांभाळणाऱ्या बायका असल्यामुळे त्याचा सिद्धांत झाला नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेच्या नावातच तो अख्खा सिद्धांत आहे. एका घरात जन्मायचं, दुसऱ्याचं व्हायचं, आणि पहिलं सोडायचं नाही.

कडोदऱ्यातही तेच चाललं आहे, कुणाची परवानगी न घेता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत खानदेशी घरांची देवी कानबाई बसते. गावच्या घरातून नारळ आणला, इथे परातीत मांडला, देवी आली. तिनं पत्त्याचा पुरावा मागितला नाही. ज्या घराण्याची कानबाई इथे बसते, त्यांचे गावचे भाऊबंद प्रसादाचे रोट खायला इकडे येतात. ती रात्र जागवायला गुजराती शेजारीण येते, ओडिया पोरं आरतीला टाळ्या वाजवतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. कुणी विरघळलेलं नाही, कुणी उपटलेलं नाही. आणि तापीत सोडलेलं निर्माल्य कुठल्या राज्याचं? तापी भुसावळवरून येते, खानदेश ओलांडून येते, आणि सुरत तेच पाणी पिते. पाण्याला कुणी म्हणत नाही, तुझं घर वर आहे, इथे कशाला थांबलीस?

म्हणून माझं म्हणणं पुन्हा एकदा, सरळ. घर ही हरवण्याची आणि सापडण्याची वस्तू नाही. ते मालिकेच्या कुठल्याच भागात सापडणार नाही, गावच्या उताऱ्यावरही सापडणार नाही. घर वापरानं होतं: रोज घासलेल्या उंबऱ्यानं, भरलेल्या बिलानं, शेजारणीला दिलेल्या विरजणानं, आजाऱ्याच्या उशाशी काढलेल्या रात्रीनं. ज्यानं ते अशा वापरानं केलं, त्याला ‘तुझं खरं घर दुसरीकडे आहे’ असं सांगणं ही सहानुभूती नव्हे, ती जप्ती आहे. आणि जप्ती कितीही मऊ आवाजात वाचून दाखवली तरी जप्तीच असते.

तेव्हा पाहुण्यांना, साहेबांना, ठेकेदारांना आणि माझ्या चुलतभावालाही एक विनंती. पुन्हा इकडे याल तेव्हा भेटणाऱ्याला ‘मूळ गाव कोणतं?’ असं विचारू नका. ‘पाणी किती वाजता येतं?’ असं विचारा. उत्तर चटकन आलं, तर समजा माणूस घरीच आहे.